पाणी तीन सरकारांचं, आपला आमदार एकही नाही



परवापासून ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय. मधुबनचं पाणी सोडणार असतील तर आपल्याला आधी कोण सांगणार? उत्तरं बरीच आली. कोणी म्हणालं मामलतदार, कोणी म्हणालं धरणाचं ऑफिस, कोणी म्हणालं खासदारांच्या माणसाला फोन लावा. पण "आमदाराला विचारू" असं एकानेही लिहिलं नाही. लिहिणार कसं? आपल्याला आमदारच नाही.

तलासरीला, जव्हारला आपले पाहुणे राहतात. तिकडे रस्ता खचला तरी लोक आमदाराच्या दारात जाऊन बसतात. तो काम करतो की नाही ही वेगळी गोष्ट, पण दार तरी आहे. इकडे सिल्वासात ते दारच नाही. दादरा नगर हवेलीला लोकसभेची एक जागा आहे, ती आदिवासींसाठी राखीव. 26 जानेवारी 2020 पासून आपण आणि दमण-दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झालो. दोघांचे खासदार दोन, राज्यसभेची जागा नाही, विधानसभा नाही. वर प्रशासक, आणि प्रशासकाला नेमतं दिल्ली. संविधानाच्या 240 व्या कलमाखाली राष्ट्रपतींच्या नावाने नियम निघतात आणि तेच आपल्याला कायद्यासारखे लागू होतात. 2011 च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीचे 3 लाख 43 हजार आणि दमण-दीवचे 2 लाख 43 हजार लोक मोजले गेले. त्याच जनगणनेत पुदुच्चेरीचे साडेबारा लाख होते आणि त्यांना 30 निवडून आलेले आमदार आहेत. आपण त्यांच्या निम्म्याला टेकलेले, मग आपल्या वाट्याला शून्य का, याचं उत्तर आजवर कोणी नीट दिलेलं नाही.

दमणच्या मच्छीमार बांधवांची गोष्ट तर आणखी कडू आहे. गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हा पणजीच्या विधानसभेत 30 पैकी एक जागा दमणची आणि एक दीवची होती. 1987 साली गोवा राज्य झालं, त्याचं आपल्याला कौतुकच आहे, पण त्या दिवशी दमण-दीवचे आमदार गेले ते गेलेच. म्हणजे वडिलांना आमदार होता आणि मुलाला नाही, असं तिथल्या घरांत झालं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर एकेकाळी सगळा कारभारच आपला होता. तरुण पोरांना हे शाळेत फारसं सांगत नाहीत म्हणून इथे थोडं थांबतो. 22 जुलै 1954 ला दादरा सुटलं, 2 ऑगस्टला सिल्वासा. त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेले तरुण होते. ज्यांची गाणी आपण आजही ऐकतो ते सुधीर फडके त्यात होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पोर्तुगीज गेले, पण भारतात विलीन व्हायला पुढची सात वर्षं लागली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, त्याचा निकाल एप्रिल 1960 मध्ये आला. मधल्या काळात इथला कारभार चालवला वरिष्ठ पंचायतीने. इथल्याच लोकांची पंचायत, तिचाच प्रशासक. भारतात सामील व्हायचं हा ठराव जून 1961 मध्ये तिनेच केला. मग 11 ऑगस्ट 1961 ला करारावर सही करायला बडलानी नावाच्या आय.ए.एस. अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान केलं. हे सगळे हसत सांगतात, गंमत म्हणून. आम्हाला त्यात गंमत कमी दिसते. ज्या पंचायतीने देशात यायचं ठरवलं, तिला नंतर फक्त सल्ला देण्याचं काम उरलं, आणि 1989 मध्ये ती बरखास्तच झाली.

आता पाण्याकडे येऊ, कारण आपलं पोट तिथे आहे. दमणगंगा उगम पावते नाशिक जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मधुबन धरण गुजरातच्या पाटबंधारे खात्याचं, दरवाजे त्यांच्या हातात. फुगवटा आपल्या दुधनी, कौंचाच्या अंगाला. धरणाखाली नदी सिल्वासावरून जाते, वापीच्या कारखान्यांचं पाणी घेते आणि दमणला समुद्राला मिळते. खालच्या पट्ट्यात मासळीची काय अवस्था आहे ते दमणच्या नाखव्यांना विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत दमणगंगेचं नाव आहे, हे काही कोणापासून लपलेलं नाही. एवढ्या सगळ्या प्रवासात महाराष्ट्राच्या लोकांसाठी मुंबईत बोलणारं कोणीतरी आहे, गुजरातच्या लोकांसाठी गांधीनगरला आहे. आपल्यासाठी कोण बोलतं? अधिकारी बोलतो. तो दोन-तीन वर्षांत बदलून जातो.

दमणगंगेचं पाणी पिंजाळमार्गे मुंबईला न्यायच्या योजनेचा करार 3 मे 2010 ला झाला. सह्या कोणाच्या? महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्र. दादरा नगर हवेली म्हणून वेगळी सही नाही, कारण आपण केंद्रातच धरलेलो. त्याच करारात पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्प होता. त्याविरुद्ध धरमपूर, कपराडा, डांगचे आदिवासी रस्त्यावर उतरले, वांसदाचे आमदार अनंत पटेल त्यांच्या पुढे होते, आणि मे 2022 मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना प्रकल्प थांबवत असल्याचं जाहीर करावं लागलं. कपराडा आपल्यापासून किती लांब आहे? तिथल्या माणसाचा आवाज गांधीनगरला पोचला कारण मुख्यमंत्र्याला मतं हवी होती. प्रशासकाला कोणाचं मत लागतं?

उगाच सगळं वाईट आहे असं आम्ही म्हणणार नाही. रस्ते सुधारले, सिल्वासात मेडिकल कॉलेज झालं, आपल्याच घरातल्या मुली तिथे नर्सिंगला जातात. चांगलं झालं ते चांगलं. पण काम करून देणारा आणि विचारून काम करणारा, यात फरक आहे. दुधनीला पर्यटकांच्या शिकाऱ्या आल्या, तेव्हा कुठल्या भागात त्या फिरणार आणि कुठल्या भागात आपली जाळी राहणार, हे ठरवताना होडीवाल्याला बोलावलं असतं तर काय बिघडलं असतं? आमचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला. नाव घेत नाही. शेवटी जो पहिला होता त्याच्याकडेच परत आला, पोचपावतीसकट.

काही सभासद म्हणतात, विधानसभा मागा, सगळं सुटेल. मागणी रास्तच आहे आणि मागत राहायची. पण ती संसदेच्या हातात आहे आणि कधी मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तोवर आपल्या हातात काय आहे? जिल्हा पंचायत, ग्रामपंचायत आणि शहरात नगरपालिका. निवडून दिलेली माणसं आपल्या दारापर्यंत येतात ती एवढीच. म्हणून आमचं म्हणणं असं की आपला जोर आधी तिथे लावावा.

त्याला आधारही आहे. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय आहेत. पाचव्या क्रमांकावर काय आहे माहीत आहे? मत्स्यव्यवसाय. शेती, जमीन सुधारणा, लघुसिंचन, पशुपालन आणि लगेच आपला धंदा. पण "सोपवता येतील" म्हटलंय, "सोपवलेच पाहिजेत" नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. केंद्रशासित प्रदेशात तर 243-ल कलमाखाली राष्ट्रपती त्यात फेरबदलही करू शकतात. म्हणजे दिलेलं काढूनही घेता येतं.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. लक्षद्वीपकडे बघा. आपलेच प्रशासक प्रफुल पटेल यांच्याकडे डिसेंबर 2020 पासून तिथलाही कारभार आला. मे 2021 मध्ये तिथल्या जिल्हा पंचायतीकडची पाच खाती प्रशासनाने आपल्याकडे घेतली, शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय. ज्या बेटांवर टुना मासळीवर घरं चालतात, तिथल्या पंचायतीकडे मासेमारी उरली नाही. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या शेडही त्याच दिवसांत पाडल्या गेल्या. आणि त्यांच्या बाजूने ठराव कोणी केला? केरळच्या विधानसभेने, 31 मे 2021 ला. त्यांची स्वतःची विधानसभा नाही, म्हणून शेजाऱ्याची कामी आली. आपल्यासाठी असा ठराव मुंबईत होईल की गांधीनगरला, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यातल्या बऱ्याच आदिवासी कुटुंबांना चटका लावेल. सीमेपलीकडे तलासरी, डहाणू, जव्हार हे पाचव्या अनुसूचीचे भाग, त्यांना 1996 चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्याने गावातल्या छोट्या जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे दिलं, आणि महाराष्ट्राने 2014 मध्ये त्याचे नियम काढून ग्रामसभेचे हक्क पक्के केले. आपल्याकडे वारली, कोकणा, धोडिया, कातकरी सगळे आहेत. 2011 ला निम्म्याहून जास्त लोक आदिवासी होते. पण दादरा नगर हवेली पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसाही नाही. वारली तोच, भाषा तीच, पोरीही त्याच घरांतून एकमेकांकडे दिलेल्या, फक्त सीमेचा दगड ओलांडला की तळ्यावरचा हक्क बदलतो. मधुबन काही छोटा जलसाठा नाही हे आम्हालाही कळतं. पण गावातले तलाव, बंधारे आहेत ना, सुरुवात तिथून व्हायला काय हरकत आहे?

आपल्या निवडलेल्या सदस्यांबद्दलही दोन शब्द, राग मानू नका. नोव्हेंबर 2020 मध्ये जिल्हा पंचायतीच्या 20 जागांपैकी 17 जनता दल युनायटेडकडे गेल्या, तेव्हाचे खासदार मोहन डेलकर यांचं बळ त्यामागे होतं. फेब्रुवारी 2021 मध्ये ते गेले. त्याच वर्षी पोटनिवडणुकीत कलाबेन डेलकर शिवसेनेकडून निवडून आल्या, 2024 मध्ये त्याच भाजपकडून. आणि जिल्हा पंचायतीच्या त्या 17 पैकी 15 सदस्य 2022 मध्येच भाजपमध्ये गेले होते. कोणी कुठल्या पक्षात जावं हे आम्ही सांगणार नाही, संस्थेत सगळ्या पक्षांचे सभासद आहेत. पण असं का होतं हे बघा. पंचायतीकडे स्वतःचा पैसा नाही, फाइल वर जाते, सही वर होते. मग सदस्य जिकडे सही तिकडे जातो. अधिकार असता तर बिचाऱ्याला पक्ष बदलायची एवढी घाई झाली नसती.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं मागत होते, किनाऱ्याचे आमदार मागे लागले, मत्स्यमंत्री होता, त्याला घेरता आलं. आपल्याला हीच गोष्ट हवी असेल तर घेरायचं कोणाला?

म्हणून संस्थेच्या पंच मंडळींनी असं ठरवलंय की येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावातून एकच मजकुराचा ठराव मांडायचा. जलाशयातल्या मासेमारीचे परवाने, मत्स्यबीज सोडणं, बंदीचा काळ आणि पर्यटकांच्या होड्यांचा मार्ग या चारही गोष्टी ठरवताना जिल्हा पंचायतीची समिती असावी आणि तिच्यात मच्छीमारांचे दोन प्रतिनिधी असावेत, त्यातली एक बाई. पाणी सोडण्याआधी पंचायतीला आणि संस्थेला लेखी सूचना मिळावी. जो कोणी मत मागायला येईल त्याला हा कागद दाखवायचा आणि पाठिंबा आहे का ते लिहून घ्यायचं, तोंडी नको.

ठरावाचा मसुदा संस्थेच्या ऑफिसात ठेवला आहे, मराठीत आणि गुजरातीत. ग्रामसभेला जाताना परवान्याची झेरॉक्स सोबत ठेवा. ठराव पास झाला की तलाठ्याची सही-शिक्का असलेली प्रत तिथेच मागून घ्या, "उद्या या" म्हणाले तर उद्याची तारीख लिहून घ्या आणि फोटो इथे टाका.