पाण्याचा दिवस

सिंगापूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ताई, पाणी आलं का?” तिला तिकडे जाऊन सोळा वर्षं झाली. तिच्या घरचा नळ इतक्या वर्षांत एकदाही कोरडा पडलेला नाही. तरी सिडकोतल्या आमच्या घराचा पाण्याचा दिवस तिला पाठ असतो.

उन्हाळ्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात पाण्याच्या दोन दिवसांमधला गॅप आठ-दहा दिवसांवर जातो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी त्या तारखांना गोल करून ठेवते. त्या दिवशी गावाला जायचं नाही, दवाखान्याची वेळ घ्यायची नाही. पाणी रात्री दीडला येणार की पहाटे चारला, ते शेजारणी एकमेकींना कळवतात. मग आधी हौद, नंतर मोटर लावून गच्चीवरची टाकी, मग ड्रम, हंडे, शेवटी पातेलीसुद्धा. हौद भरत आला की नळाची धार बारीक होत जाते, आणि छातीत धडधडायला लागतं.

गेल्या वर्षी बहिणीकडे पंधरा दिवस राहिले. तिथली मेट्रो, बागा, रस्ते सगळं आवडलं, पण ते नवल दोन दिवसांत ओसरलं. मनात घर करून राहिलं ते वेगळंच. सकाळी जाग आल्यावर डोक्यात पाणी नसायचं. तोटी सोडायची, पेला भरायचा, तसाच प्यायचा. महिन्यातल्या किती रात्री मी हौदाजवळ बसून काढते, दुसऱ्या दिवशी किती कामं अंगावर येतात, हे मी तिथे पहिल्यांदा मोजलं. दोन देशांच्या राहणीमानाची तुलना लोक पगारावरून करतात. मला ती घरातल्या बाईच्या झोपेवरून करावीशी वाटते.

यावर कुणी म्हणतं, तो देशच वेगळा, त्यांच्याशी आपली बरोबरी कशी करायची? मला हे पटत नाही. १९६३ साली पाऊस कमी झाला तेव्हा सिंगापुरात जवळपास दहा महिने पाणी कपात होती. ठरल्या दिवशी तास न् तास नळ बंद असत. त्या बेटावर मोठी नदी नाही. शेजारच्या जोहोरमधून पाणी घेण्याचा १९६२ चा करार २०६१ मध्ये संपणार, हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. या काळजीतून त्यांनी पावसाचा थेंबन् थेंब अडवायला घेतला, २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणलं, २००८ मध्ये भर शहरात खाडीच्या तोंडावर बांध घालून गोड्या पाण्याचा साठा केला.

आणि त्यांनी पाण्याची किंमत लावली. बहिणीचं बिल मीटरवर येतं, त्यात पाणी जपून वापरावं म्हणून वेगळा कर असतो. २०१७ मध्ये तिथे दर वाढायला लागले आणि दोन टप्प्यांत तीस टक्क्यांनी वाढले. कमी कमाईच्या घरांना बिलात सरकारी मदत मिळते. आमच्याकडे घरगुती नळाची वर्षाची पाणीपट्टी ४,०५० रुपये होती, ती २०२२ मध्ये २,०२५ वर आली. मला सवलत नको होती, पाणी हवं होतं. टँकरला आणि जारला मोजलेले पैसे कुठल्याच पाणीपट्टीत दिसत नाहीत, आणि सर्वांत जास्त मोजतात ते ज्यांच्याकडे नळच पोचलेला नाही ते.

आमच्या गावाला पाण्याचं शहाणपण नवं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आमचंच गाव, वसवली आणि नंतर उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर, गावात खेळवलं. पाणचक्कीच्या भिंतीवरून हौदात पडणारं पाणीही पुढच्या काळातल्या अशाच एका नहरीचं. आता आमचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून उपसून वर चढवावं लागतं. जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ भरतो, दरवाजे उघडून पाणी गोदावरीत सोडतात, त्या आठवड्यातही आमचा गॅप मिटत नाही. शहर कितीतरी पटींनी वाढलं आणि भार राहिला तो ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्यांवर. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, पुढे तिचा खर्च २,७०० कोटींवर गेला.

तुमच्याकडे माणुसकी आहे, असं बहिणीच्या ओळखीचे म्हणतात. खरं आहे. मी सिंगापुरात होते तेव्हा माझा हौद शेजारच्या काकूंनी भरून ठेवला, रात्री दोनला उठून, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. त्यांचे गुडघे दुखतात. त्या भरलेल्या हौदाकडे पाहून मला भरून आलं, आणि रागही आला. काकूंचा जीव माझ्यावर आहे, हे कळायला त्यांनी रात्री दोनला उठायची गरज नव्हती.

मागे बहीण डिसेंबरात आली, तेव्हा आम्ही नाथांच्या दर्शनाला पैठणला गेलो होतो. वाटेत रस्त्याकडेला नव्या जलवाहिनीचे पाइप पडले होते, अडीच मीटर व्यासाचे. भाची एका पाइपात शिरली, टाचा उंचावून दोन्ही हात वर केले, तरी बोटं वर टेकली नाहीत. “आई, फोटो काढ ना,” ती आतून ओरडली, आवाज घुमला. बहिणीनं फोटो काढला, मोबाइलवर तारीख पाहिली आणि म्हणाली, “चल ताई, लवकर निघू. आज आपलं पाणी आहे.”