फिरायला जाण्याचा हक्क

आपल्या संघटनांच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिका काढून बघा. ३ जानेवारी, ८ मार्च, रेशनचा मोर्चा, कायद्याचं शिबिर, २५ नोव्हेंबरपासूनचा हिंसाचारविरोधी पंधरवडा. या सगळ्यात 'सहल' असलीच तर शेवटच्या ओळीत असते, आणि तिच्यापुढे कंसात लिहिलेलं असतं : पैसे उरल्यास. पैसे उरत नाहीत. सहल होत नाही. त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही, कारण आपल्यालाच मनातून वाटत असतं की मारहाण, पाणी, रेशन, घर हे खरे प्रश्न आणि फिरायला जाणं ही चैन.

मी घाटकोपर आणि मुलुंडच्या वस्त्यांमध्ये बचत गट आणि समुपदेशनाचं काम करते. या कामातून माझं असं मत झालं आहे की बाईच्या फिरायला जाण्याचा प्रश्न हा पाणी आणि मारहाणीच्या प्रश्नांच्या रांगेतच बसतो. तिचा वेळ कोणाचा, तिचा पैसा कोणाचा, तिचे पाय कुठपर्यंत जायचे हे ठरवणार कोण, हे सगळे प्रश्न एका दिवसाच्या सहलीत एकदम समोर येतात.

उपनगरात राहणाऱ्या आपल्याला जायला जागा नाही असं नाही. बोरिवलीला उतरलं की पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, आणि आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी. काळ्या कातळात कोरलेली ही शंभराहून जास्त लेणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरली जात होती. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, तसंच उपासिका आणि भिक्षुणीही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी बायका या डोंगराशी नातं ठेवून होत्या, आणि आपल्या नावाने दान देऊन ते नाव दगडात कोरून घेत होत्या. अंधेरीला महाकालीची लेणी आहेत, बोरिवलीला मंडपेश्वर आहे, गोरेगावला आरेची झाडी आणि फिल्मसिटीच्या शेजारी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. मालाडच्या पुढे आक्सा-मढचा किनारा, बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराई. मुलुंडच्या मागची टेकडी तर याच जंगलाची दुसरी बाजू.

तरी आमच्या एका गटातल्या चाळीस बायकांना मी विचारलं, तेव्हा राष्ट्रीय उद्यान पाहिलेल्या फक्त सहाजणी निघाल्या. त्यातल्या चौघी महाशिवरात्रीला कान्हेरीच्या गर्दीत गेल्या होत्या. वीस-पंचवीस वर्षं मुंबईत राहून बहुतेकींना वस्ती, कामाची घरं, रेशनचं दुकान, दवाखाना आणि गावी जाणारी एसटी एवढीच मुंबई माहीत होती.

हे का, याचं पहिलं उत्तर वेळ. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष मुळातच थोडे. रविवार हा घरातल्या इतरांचा सुट्टीचा दिवस, म्हणून तिचा जास्तीच्या कामाचा. सगळे घरी, म्हणजे नाश्ता वेगळा, मटण, साचलेलं धुणं. धुणंभांडी करणाऱ्या बाईला तर रविवारीही दोन-तीन घरं करावीच लागतात. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याची सुट्टी आजही मालकिणीच्या मर्जीवरच आहे. सोमवारी कुठून सुट्टी मिळाली तर त्या दिवशी राष्ट्रीय उद्यान बंद !

दुसरं उत्तर, निमित्त. बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. दवाखाना चालतो, लग्न चालतं, मयत चालते. देव तर हमखास चालतो. मंगळागौर, भोंडला, हळदीकुंकू, जत्रा, वारी, सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या माऊंट मेरीची जत्रा. या सगळ्यांची चेष्टा करणं सोपं आहे, आणि आपल्यातल्या काहीजणी ती करतात. पण या निमित्तांनीच पिढ्यान्‌पिढ्या बायकांना एकमेकींबरोबर हसण्याचे, नाचण्याचे, रात्री जागण्याचे चार तास मिळवून दिले. नवरात्रात बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या मैदानांत मुली रात्री उशिरापर्यंत गरबा खेळतात. त्या नऊ रात्री रस्त्यावर दिवे असतात, पोलीस असतात, रिक्षा मिळतात. म्हणजे व्यवस्था करता येते ! मग उरलेल्या रात्री ती का होत नाही ? देवाच्या नावाने मिळतं ते बाईच्या नावाने का मिळू नये ? आणि मैदानातल्या गरब्याला आता पास लागतो. ज्यांना तो परवडत नाही त्या बाहेर दोरीला टेकून बघतात.

तिसरं उत्तर, भीती आणि गैरसोय. तिकिटापेक्षा संडास महत्त्वाचा, हे कुठलीही बाई सांगेल. सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पाळी आली की नाव गाळून घेणाऱ्या मुली पाहिल्या आहेत. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेने रस्त्यावर आणि स्टेशनवर बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी हवी ही मागणी लावून धरली. ती बागा, लेणी आणि किनाऱ्यांपर्यंत न्यायला हवी. मग येते नजर. दोघी-तिघी बायका झाडाखाली नुसत्या बसल्या तरी 'कोणाची वाट बघताय ?' असं विचारणारा भेटतोच. मुलगा-मुलगी बसले असतील तर विचारायलाच नको. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-आक्साच्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि सज्ञान जोडप्यांना पकडून नेलं, ते आपल्या लक्षात असेल. त्यात मुलींच्या घरी फोन गेले म्हणजे काय झालं असेल, हे समुपदेशन करणाऱ्या कार्यकर्तीला वेगळं सांगायला नको. २०११ सालीच शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर लिहिलेल्या पुस्तकात मुद्दाच हा मांडला की बाईला रस्त्यावर काहीही कारण नसताना रेंगाळता आलं पाहिजे. सुरक्षिततेच्या नावाखाली तिला घरी बसवणं हे उत्तर नाही.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल धावली. बायकांच्या गर्दीची, धक्क्यांची दखल घेतली गेली, हे चांगलंच झालं. पण ती गाडी कामाच्या वेळेची, कामाच्या दिवसाची. बाई कामाला जाते हे रेल्वेने मान्य केलं. बाई फिरायला जाते हे अजून कोणाच्या वेळापत्रकात नाही.

ही मागणी आपण पहिल्यांदा करतो आहोत असंही नाही. इंग्लंडच्या खेड्यांतल्या हिरव्या टेकड्या, तिथल्या जत्रा आणि पायी फिरणाऱ्यांचे क्लब यांची चित्रं आपण बघतो. पण तिथेही त्या टेकड्या सर्वांच्या नव्हत्या. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काऊटच्या माळरानावर चढून गेले. जमीनदारांनी ते शिकारीसाठी बंद ठेवलं होतं. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये त्याच भागात ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. जपानमध्ये जुन्को ताबेईने १९६९ साली बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला आणि १९७५ मध्ये ती एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री ठरली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या २४ व्या कलमात विश्रांती आणि फुरसत हा हक्क म्हणून लिहिला आहे. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या १९७९ च्या करारात करमणूक आणि खेळाचा हक्क आहे, आणि भारताने तो करार १९९३ मध्ये मान्य केला आहे. आपण चैन मागत नाही, सरकारने सही केलेली गोष्ट मागतो आहोत.

सरकारही आता बाईला प्रवासी म्हणून ओळखू लागलं आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आमच्या गटातल्या बायका त्यानंतर नवरा-मुलांशिवाय, चौघी-पाचजणी मिळून बाहेर पडायला लागल्या. त्याच वर्षी बायकांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आलं. पर्यटन व्यवसाय करू पाहणाऱ्या बाईला कर्जाच्या व्याजाचा परतावा आणि महामंडळाच्या निवासांत सवलत, असं त्यात आहे. स्वागत करू. पण निवासात उतरण्याइतके पैसे नसलेली, संध्याकाळी सातला घरी पोचायलाच हवी अशी बाई या धोरणात कुठे आहे ? तिला खोली नको आहे. तिला एक दिवस हवा आहे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आपण जिथे फिरायला जातो तिथे कोणीतरी राहतं. राष्ट्रीय उद्यानात नवापाडा, तुमणीपाडा, चुनापाडा, रावणपाडा आहेत, आरेतही पाडे आहेत. वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबं तिथे उद्यान होण्याच्या आधीपासून आहेत. पावसाळ्यात उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर शेवळं, टाकळा, कुरडू, कंटोली घेऊन बसणारी बाई याच जंगलातून येते. आपण घासाघीस करतो आणि नंतर त्याच जंगलात 'निसर्ग' बघायला जातो. उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश १९९७ मध्ये झाला, तेव्हापासून या पाड्यांवरही टांगती तलवार आहे. पाणी आणि वीज मागितली की त्यांना अतिक्रमण ठरवलं जातं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत रातोरात दोन हजारांवर झाडं तोडली गेली, तेव्हा पाड्यांवरच्या बायका शहरातल्या तरुणांबरोबर रस्त्यावर उतरल्या. वस्तीतल्या बाईला हवा खायला जंगल हवं आणि पाड्यावरच्या बाईला जगायला जंगल हवं. या दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करणं सोयीचं असणारे लोक पुष्कळ आहेत. आपण त्यांच्या सोयीचं वागायचं नाही.

म्हणून मागच्या पावसाळ्यानंतरची सहल आम्ही वेगळी आखली. हॉटेलातून जेवणाची पाकिटं मागवण्याऐवजी एका पाड्यावरच्या बायकांना जेवणाचं काम दिलं. दर त्यांनी सांगितला, आम्ही तो दिला. तांदळाची भाकरी, भाजी, सुक्या मासळीची चटणी. जेवणानंतर वस्तीतल्या बायका नळाच्या रांगेबद्दल आणि पाड्यावरच्या बायका पाण्याच्या हंड्याबद्दल बोलू लागल्या. कुठल्याही प्रशिक्षणात मी इतकी मोकळी चर्चा ऐकलेली नाही. परतताना एका बाईने पहिल्यांदा सांगितलं की नवरा मारतो. आमच्या केंद्रासमोरून ती तीन वर्षं जात-येत होती. या सहलीचा खर्च मात्र निधी देणाऱ्या संस्थेच्या अर्जात 'मनोरंजन' म्हणून बसेना. 'अभ्यासदौरा' लिहिल्यावर बसला. शब्दांची ही लपवाछपवी आपण बंद केली पाहिजे.

मैत्रिणींनो, काही गोष्टी आपण आपल्या हाताने करू शकतो, काही मागाव्या लागतील. वर्षाच्या कार्यक्रमात सहल पहिल्या पानावर घ्या आणि तिच्यासाठी गटात दरमहा दहा-वीस रुपये बाजूला काढा. जाण्याआधी घरोघर बैठक घेऊन त्या दिवशी चूल आणि मुलं कोण सांभाळणार ते पुरुषांकडून वदवून घ्या. सहलीची खरी तयारी ती आहे. घरकामगार संघटनांनी आठवड्याच्या भरपगारी सुट्टीची मागणी सगळ्यात वर आणावी. उपनगरांत गिर्यारोहणाचे नामांकित क्लब आहेत, मुलुंडचे चक्रम हायकर्स त्यांपैकी एक. अशा क्लबांना भेटून वस्तीतल्या मुलींसाठी वर्षातून एखादा तरी कमी खर्चाचा ट्रेक मागा. वनखातं, पुरातत्त्व खातं आणि महापालिका यांच्याकडे मागण्या स्पष्ट आहेत : बायकांच्या गटांना सवलतीचं तिकीट, वाटेवर चालू स्थितीतले संडास आणि पिण्याचं पाणी, संध्याकाळी स्टेशनपर्यंत दिवे आणि बस, पाड्यांवरच्या बायकांना खाद्यपदार्थ आणि रानभाज्या विकायला हक्काची जागा. रेल्वेकडे एकच मागणी : रविवारी एक लेडीज स्पेशल.

येत्या ८ मार्चला मोर्चा काढूच. त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्या गटांनी मिळून बोरिवलीला जायचं का, यावर आपापल्या बैठकीत चर्चा करा आणि कळवा.