खुब्याचे हाड आणि सिकलसेल

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात सिकलसेलचा वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून, विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींनी सूक्ष्म वाहिन्या तुंबल्या म्हणजे मांडीच्या हाडाचा खुब्यातील गोल माथा रक्तावाचून मृत होऊ लागतो, आणि ऐन पंचविशीतल्या तरुणास मोहफुले वेचण्यास उकिडवे बसणेही अशक्य होते. म्हणूनच हा अंक आम्ही अस्थिपुनर्निर्मितीस वाहिला आहे. नागपूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. सुधीर बाभुळकर यांनी १९९५ साली याच व्याधीत बालकांच्या हातापायांस येणाऱ्या सुजेवर, व २००९ साली मृत माथ्यास छिद्र पाडून दाब उतरविणे आणि रक्तवाहिनीसह जिवंत हाडाचा तुकडा तेथे बसविणे या शल्यक्रियेवर निबंध प्रसिद्ध केले. कृत्रिम सांध्याची मुदत तरुण आयुष्याहून तोकडी असल्याने हा मार्ग आम्हास फार मोलाचा वाटतो. मात्र माथा चेपण्यापूर्वीच निदान व्हावयास हवे. आपल्या तालुक्यात ते वेळेवर होते काय, हे वाचकांनी आम्हास अवश्य कळवावे.