माल आपला, नाव दुसऱ्याचे

साकीनाक्याचा गाळा असो, मालाडमधली इमिटेशन दागिन्यांची पेढी असो, नाहीतर बोरिवली-मुलुंडमधले भेटवस्तूंचे दुकान असो, परदेशी कारखान्यातला माल या सगळ्यांच्या धंद्यात मुरला आहे. यंत्राचा सुटा भाग, साचा, एलईडीच्या पट्ट्या, ब्लूटूथ स्पीकर, मणी, साखळ्या, सिलिकॉनची भांडी अशी ही यादी लांबतच जाते. कारखाना शोधणे आता अवघड राहिलेले नाही. फोनवर भाव कळतो, नमुना कुरियरने येतो, वर्षातून दोनदा भरणाऱ्या ग्वांगझौच्या कँटन जत्रेला किंवा यिवूच्या घाऊक बाजारात लहान व्यापारीही जाऊन येतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. भाव ठरला की बरेच जण पुढचा सगळा व्यवहार किलोच्या भावाने माल दारापर्यंत आणून देणाऱ्या एजंटावर सोपवतात. एजंट दहा जणांची खोकी एका कंटेनरमध्ये भरतो आणि भलत्याच कुणाच्या आयात-निर्यात कोडवर, म्हणजे आयईसीवर, तो कंटेनर सोडवतो. ज्याच्या पैशाने माल आला त्याच्या हाती खोके पडते, फार तर एक कच्ची चिठ्ठी. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या आयातीच्या कागदावर, त्याचे नाव कुठेच नसते. ही पद्धत लहान व्यापाऱ्याला स्वस्त वाटते, पण ती त्याला महागात पडते आहे. उपनगरातल्या छोट्या धंद्याने आयात स्वतःच्या नावावर करावी आणि सरकारने ती त्याला झेपेल अशी करावी, असे माझे म्हणणे आहे. यातली एकच बाजू पुरी झाली तर काही साधणार नाही.

या सवयीमागे इतिहास आहे. 1991 पर्यंत आयात परवान्यावर चालत असे आणि ग्राहकोपयोगी वस्तूंना तर दार जवळजवळ बंदच होते. परवाना मिळवणे हे मोठ्या कंपन्यांचे आणि ओळखीपाळखी असलेल्यांचे काम होते. बाकीच्यांनी दक्षिण मुंबईतल्या आयातदाराकडून माल घ्यावा, बिलाची फार चौकशी करू नये, अशी रीत पडली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरची संख्यात्मक बंधने 1 एप्रिल 2000 आणि 1 एप्रिल 2001 अशा दोन टप्प्यांत उठली. डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. दार उघडले, पण आयात म्हणजे आपल्यासारख्याचे काम नव्हे, हा समज तसाच राहिला. आज आयईसीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्याचे शुल्क 500 रुपये आहे आणि जीएसटी आल्यापासून पॅन क्रमांक हाच तो कोड असतो. कागदावरचा अडथळा इतका कमी झाल्यावरही लोक दुसऱ्याच्या नावामागे का उभे राहतात, याचे उत्तर भीतीत आणि हिशेबात आहे. यातली भीती पुष्कळशी रास्त आहे, पण हिशेब चुकीचा आहे.

आधी हिशेब पाहू. समजा 1,00,000 रुपये मूल्याचा माल आला आणि त्यावर मूळ सीमाशुल्क 20 टक्के आहे. शुल्काचे 20,000 आणि त्यावर 10 टक्क्यांनी समाजकल्याण अधिभाराचे 2,000 झाले. मग 1,22,000 वर 18 टक्क्यांनी आयजीएसटी, म्हणजे 21,960. एकूण 43,960 रुपयांचा आकडा ऐकून माणूस दचकतो आणि एजंटाचा किलोचा भाव त्याला सुटकेसारखा वाटतो. पण यातले 21,960 हा खर्च नाहीच. जीएसटी नोंदणी असलेल्याला ते परत वजा करून मिळतात. हाच माल त्याने 1,60,000 ला विकला तर ग्राहकाकडून 28,800 रुपये कर घ्यायचा आणि सरकारात फक्त 6,840 भरायचे. बिल ऑफ एंट्री नसेल तर ही वजावट मिळत नाही. मग एकतर पूर्ण 28,800 स्वतःच्या खिशातून भरा, नाहीतर विक्रीही कच्च्या बिलावर करा. बहुतेकांची वाट दुसऱ्या बाजूला वळते आणि एकदा वळली की धंदा तिथेच अडकतो. कच्च्या बिलाच्या मालावर बँक कर्ज देत नाही, मोठी कंपनी किंवा सरकारी खाते तो घेत नाही, आणि ऑनलाइन विक्रीत तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांमुळे आयात वस्तूचा मूळ देश आणि आयातदार सांगावाच लागतो. किलोमागे वाचलेले चार पैसे धंदा वाढण्याची वाट बंद करून वाचलेले असतात. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ही वजावट मिळत नाही, हे खरे. आयात करायची असेल तर त्याने ती योजना सोडण्याचा हिशेब मांडून पाहावा.

दुसऱ्याच्या नावामागे सुरक्षित आहोत हा समज त्याहून धोक्याचा आहे. 2017 मध्ये सीमाशुल्क कायद्यातली आयातदाराची व्याख्या रुंदावली आणि ज्याच्या वतीने माल आला तो लाभार्थी मालकही तिच्यात आला. बिल ऑफ एंट्रीवर नाव नसले तरी चौकशीचा धागा पैसा देणाऱ्यापर्यंत पोचू शकतो. एजंटाने शंभर खोक्यांपैकी चाळीसच दाखवली, किंवा खेळण्यांना प्लास्टिकचे सुटे भाग म्हटले, तर जप्ती सगळ्या कंटेनरवर येते. तुमचा माल सचोटीचा होता हे सांगायला हातात एक कागद नसतो. कारखान्याशीही तीच गत. पैसे बँकेतून स्वतःच्या नावाने गेले असतील तर करार, चलन आणि भरणा असे तीन पुरावे जवळ राहतात. तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल जहाजावर चढण्यापूर्वी, ही चीनमधल्या कारखान्यांची नेहमीची अट आहे; ते सत्तर टक्के देण्याआधी तिऱ्हाईत संस्थेकडून माल तपासून घेण्याचा हक्क ज्याचे नाव व्यवहारात आहे त्यालाच बजावता येतो. एजंटामार्फत, कुठल्याशा खात्यातून पैसा गेला की रंग चुकला, चार्जर जळाला, साखळीचा मुलामा उडाला, तरी ऐकून घेणारे कुणी नसते. आणि इथला ग्राहक कुणाकडे येणार? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, परदेशी उत्पादकापर्यंत नोटीस पोचू शकत नसेल तर सदोष वस्तूची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. म्हणजे नाव टाळूनही जबाबदारी टळत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो आकाराचा. पाच खोक्यांसाठी सीमाशुल्क दलाल, शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर, न्हावाशेवा बंदराबाहेरच्या कंटेनर फ्रेट स्टेशनचे भाडे आणि हाताळणी हा सगळा खर्च जवळजवळ पूर्ण कंटेनरवाल्याइतकाच येतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण एकत्र कंटेनर कायदेशीरपणेही भरता येतो. एकाच कंटेनरमधल्या प्रत्येकाच्या मालाला वेगळे हाऊस बिल ऑफ लेडिंग असते आणि प्रत्येक जण आपल्या नावाची बिल ऑफ एंट्री भरतो. एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या सात-आठ गाळेवाल्यांनी मिळून एकच सीमाशुल्क दलाल ठरवला, महिन्याची एक तारीख ठरवली, तर तोच खर्च वाटला जातो. दागिन्यांचे मणी किंवा इलेक्ट्रॉनिक सुटे भाग अशा हलक्या, मौल्यवान मालासाठी तर सहारचे एअर कार्गो संकुल अंधेरीतच आहे. आणि ज्याची उलाढाल याहूनही लहान आहे, त्याने आयात करूच नये. मशीद बंदरच्या रीतसर आयातदाराकडून पक्क्या बिलावर माल घ्यावा. त्याला दोन पैसे जास्त पडतील, पण त्या बिलावर त्याला वजावटही मिळेल आणि झोपही लागेल.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा. परदेशी माल आणूच नये, मग तो कुणाच्याही नावावर का असेना, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हाती खेळण्यांचे उदाहरण आहे. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2019 च्या पाहणीत दिल्ली परिसरातून घेतलेल्या आयात खेळण्यांपैकी सुमारे 67 टक्के नमुने चाचणीत नापास झाले. 2020 मध्ये खेळण्यांवरचे शुल्क 20 वरून 60 टक्के झाले, 2023 मध्ये 70 टक्के, आणि 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, मानचिन्हाशिवाय खेळणी विकण्यास बंदी आली. 2018-19 मध्ये 37.1 कोटी डॉलर असलेली खेळण्यांची आयात 2021-22 मध्ये 11 कोटींवर उतरली आणि निर्यात 20.2 कोटींवरून 32.6 कोटी डॉलरवर गेली. मुलांच्या तोंडात जाणारी वस्तू सुरक्षित असावी याबद्दल दुमत असू शकत नाही, आणि देशी कारखान्यांना यातून बळ मिळाले हेही मान्य करायला हवे. पण या उदाहरणावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. मरोळच्या एमआयडीसीत, कांदिवलीच्या आणि घाटकोपरच्या इस्टेटींत जे अजून बनते, त्यातले पुष्कळसे परदेशी साच्यावर, बेअरिंगवर, मोटरवर, सेन्सरवर बनते. तो भाग थांबला तर थांबणारे काम आपल्याच कामगाराचे असते. याच मरोळजवळ 1973 पासून सीप्झ हे निर्यात क्षेत्र आहे. तिथल्या निर्यातदार कारखान्याला सुटे भाग शुल्काशिवाय आणता येतात, कारण त्यावाचून निर्यात होत नाही हे सरकारला पन्नास वर्षांपासून मान्य आहे. भिंतीबाहेरच्या गाळेवाल्याला शुल्क माफ करा असे मी म्हणत नाही. त्याची गरजही तीच आहे, एवढे ओळखा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. लहान माणूस स्वतःच्या नावाने आला की यंत्रणा त्याला मोठ्याच्या मापाने मोजते, म्हणून तो लपतो. खेळण्यांचेच पाहा. परदेशी कारखान्याला बीआयएसचा परवाना हवा असेल तर इथल्या अधिकाऱ्यांनी त्या कारखान्याची तपासणी करायची आणि खर्च कारखान्याने सोसायचा. वर्षाला पाचशे कंटेनर घेणाऱ्यासाठी कारखाना ते करील; मुलुंडच्या दुकानदाराच्या दहा खोक्यांसाठी का करील? माल वेळेत नोंदवला नाही तर विलंबशुल्क पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि त्यानंतर रोज 10,000 रुपये. दर ठरवताना मालाचे मूल्य दोन लाख आहे की दोन कोटी हे पाहिलेले नाही. 2011 पासून मूल्य आणि वर्गवारी आयातदाराने स्वतः जाहीर करायची आहे. ही सुधारणा चांगली आहे, पण आठ आकड्यांचा वर्गीकरण क्रमांक चुकला तर मोठ्या कंपनीकडे वकील असतो आणि गाळेवाल्याकडे तो ज्या दलालाला फारसा ओळखत नाही तो दलाल. शंका आली की नमुना प्रयोगशाळेत जातो. सीमाशुल्क खात्याने माल अडवून ठेवला असेल तर त्या काळाचे भाडे गोदामाने घेऊ नये असा 2009 चा नियम आहे, पण त्याची आठवण करून देण्याचे बळ लहानाकडे नसते आणि शिपिंग लाइन कंटेनरचे भाडे लावतच राहते. तीन आठवड्यांत मालाच्या किमतीएवढे बिल झाले, तर पुढच्या वेळी तो किलोच्या भावाच्या एजंटाकडे जाणारच. नियमाची कडकाई इथे त्याला नियमाबाहेर ढकलते.

म्हणून सरकारकडे मागणी सवलतीची नसावी, मापाची असावी. विलंबशुल्क मालाच्या मूल्याशी बांधावे. वर्गवारीबद्दल आगाऊ निर्णय देणारे सीमाशुल्क प्राधिकरण मुंबईत आहेच. सूक्ष्म उद्योगांसाठी त्याचे शुल्क नाममात्र करावे आणि अर्ज मराठीतही घ्यावा. अप्रत्यक्ष कर मंडळ, बीआयएस आणि वैधमापन विभाग यांनी महिन्यातून एक दिवस उपनगरातल्या इस्टेटींत बसून प्रश्न ऐकावेत. वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना आणि किरकोळ किंमत कशी छापायची, एवढ्या साध्या गोष्टीवरून कितीतरी माल अडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे चाचणी जहाज निघण्याआधी झाली पाहिजे. बीआयएसचे पश्चिम विभागाचे कार्यालय आणि प्रयोगशाळा मानकालय या नावाने मरोळच्या एमआयडीसीतच आहे, सहार कार्गोपासून आणि साकीनाक्यापासून हाकेच्या अंतरावर. लहान आयातदाराने कुरियरने मागवलेला नमुना तिथे द्यावा, ठरलेल्या शुल्कात आणि ठरलेल्या दिवसांत लेखी अहवाल घ्यावा, आणि मग कारखान्याला आगाऊ रक्कम पाठवावी, अशी खिडकी तिथे उघडायला हरकत नसावी. तो अहवाल म्हणजे परवाना नव्हे, बंदरावरची तपासणीही टळणार नाही. पण नापास होणारा माल निघण्याआधीच कळेल.

वेळेचे गणितही त्यात बसते. चिनी नववर्षात तिकडचे कारखाने काही आठवडे बंद राहतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुट्टी असते. दिवाळीचा माल सप्टेंबरच्या सुरुवातीला न्हावाशेव्याला लागायचा असेल तर ऑर्डर जूनमध्ये पक्की व्हायला हवी. त्यासाठी नमुना मे महिन्यात मरोळला पोचला पाहिजे, आणि आठ गाळेवाल्यांचा एकत्र कंटेनर कुणी, कुणाकुणाच्या नावे भरायचा याची बैठक त्याच्याही आधी, एप्रिलमध्ये, इस्टेटच्या सोसायटीच्या कार्यालयात झाली पाहिजे.