पोहता येते, म्हणून जाकीट नको?

पाऊस लागला की पुण्या-मुंबईची तरुण मंडळी रायगड जिल्ह्यातील कोलाडकडे निघतात. कुंडलिका नदीत राफ्टिंग करणे, म्हणजे हवा भरलेल्या रबरी नावेतून धावत्या पाण्यात उतरणे, हे तिथले आकर्षण. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे हा खेळ पावसाळ्यानंतरही चालतो. खेळाला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो ‘मला पोहता येते, जाकीट कशाला?’ या वाक्याला.

विहिरीत शिकलेले पोहणे हे स्थिर पाण्यातले पोहणे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. शिवाय खडकांवर आपटून पांढऱ्या झालेल्या पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे असतात. असे पाणी शरीराला नेहमीसारखे तोलून धरत नाही. त्यात पट्टीचा पोहणाराही खाली जातो.

जाकीट नुसते अंगावर असून भागत नाही. सैल जाकीट पाण्यात कानापर्यंत वर चढते. सोबत्याला ते खांद्याला धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकले तर बंद पुन्हा आवळा. हेल्मेटही घट्ट हवे.

नावेतून पडलात तर धारेत उभे राहू नका. दगडांत पाय अडकला की प्रवाह माणसाला पालथा पाडतो आणि कमरेएवढ्या पाण्यातही जीव जातो. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि बोटे पाण्याच्या वर ठेवा. पाणी संथ झाले की काठाकडे पोहा.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल, तर त्याचे पोट दाबू नका, त्याला उलटा टांगू नका. पोटातले पाणी व अन्न फुप्फुसात जाण्याची भीती असते. उताणा निजवून आधी तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी 30 वेळा दाब आणि 2 श्वास, हा क्रम चालू ठेवा. दुसऱ्याने 108 क्रमांकावर फोन करावा.

दारू प्यायलेल्याला किंवा जाकीट नाकारणाऱ्याला जो नावाडी परत पाठवतो, तो योग्यच करतो. त्याच्याशी हुज्जत घालू नये. मुलगा सहलीला निघाला की आपण डबा घेतलास का, असे विचारतो. जाकीट घालशील ना, हेही विचारावे.