विंडोज १० ची मुदत संपली. आता पेनड्राइव्ह कोणाचा लावायचा, हा प्रश्न

बोईसर : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबवली. कॉम्प्युटर बंद पडला नाही, त्यामुळे आपल्याकडे फारसं कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण बोईसर, तारापूर, पालघरपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेत जे जुनं मशीन चालतं, त्यातच आपलं आधार, सातबारा, पोरांच्या शिष्यवृत्तीचे कागद स्कॅन होतात.

अपडेट नाही तर काय बिघडतं? जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. अपडेट न केलेल्या विंडोजमधली फट या व्हायरसने वापरली होती. त्या फटीवरचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं.

आता विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर साधारण २०१८ नंतरचा. सेकंडहँड घेतलेली बरीच मशीनं इथेच बाद.

सीडीचा जमाना गेला. नव्या लॅपटॉपला सीडीचा खाचाच नसतो. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यायचा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं, ते पेनड्राइव्ह तयार करून देतं. त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, हे आधीच लक्षात घ्या. मग मशीन चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बदलतं) दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. अडचण डाउनलोडची. फाइल चार-पाच जीबीची, आणि मोबाइलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबी. म्हणून लोक दुकानातला तयार पेनड्राइव्ह लावून घेतात. स्वस्तात काम होतं, पण त्यात बऱ्याचदा ‘क्रॅक’ असतो. तो चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद करायला लावतात. म्हणजे चोराला किल्ली आपणच दिली!

खरं तर मशीनसोबत मूळ विंडोज आलं असेल, तर तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यावर नेट लावताच ते बहुधा आपोआप चालू होतं. वेगळी ‘की’ विकत घ्यायची गरज नसते. दुकानदाराला हे विचारायला लाजू नका.

जुन्या मशीनवर लिनक्स मिंट चांगलं चालतं, मोफत आहे, मराठीतही दिसतं. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात, मग आपल्या जिल्हा परिषद शाळांना काय हरकत? सेवा केंद्राचं मात्र तसं नाही. बोटाच्या ठशाच्या मशीनचं आणि डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर बरंचसं विंडोजवर बसलेलं. आधी चौकशी करा, मगच बदला.

ज्यांना लगेच काहीच जमत नाही, त्यांच्यासाठी घरगुती कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. आणि काहीही टाकण्याआधी फोटो, कागद दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा, आपल्याकडची लाइट अर्ध्यात कधी जाईल सांगता येत नाही.