न्यायसभेचे दालन आणि न्यायसभेचे नियम

इरुंगाट्टुकोट्टै हे नाव मराठी जिभेवर रुळायला थोडा वेळ लागतो. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे ही औद्योगिक वसाहत आहे. ह्युंदाईचा मोटारींचा कारखाना येथलाच. चाकण-भोसरीहून येऊन येथे स्थिरावलेल्या काही मराठी कुटुंबांकडे एका रविवारी जाण्याचा योग आला. बोलण्याच्या ओघात २०१९ साली मी केलेल्या इस्रायलच्या प्रवासाचा विषय निघाला. एका तरुण अभियंत्याने विचारले, "प्राचीन ज्यू न्यायालयांचे अवशेष पाहिलेत म्हणता, म्हणजे नेमके काय पाहिलेत?" मला पटकन उत्तर देता आले नाही.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील सर्वोच्च न्यायसभा, म्हणजे सॅन्हेड्रिन, निराधार झाली. परंपरा सांगते की ती प्रथम यावने येथे गेली आणि नंतर गॅलिली प्रांतात उशा, शफरआम, बेत शेआरीम, सिप्पोरी अशी मुक्काम बदलत अखेर तिबेरियाला स्थिरावली. वारंवार बदल्या झालेल्या माणसाला ही यादी वाचून आपुलकी वाटल्यावाचून राहत नाही! याच मार्गावर बेत शेआरीमपासून तिबेरियापर्यंत सुमारे ७० किलोमीटरची पायवाट इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने २०१८ मध्ये खुली केली. तिच्या काही टप्प्यांवर आम्ही मार्गदर्शकासोबत फिरलो.

बेत शेआरीमच्या डोंगरात कोरलेल्या दफनगुहा विलक्षण आहेत. तेथील एका गुहेतील जोडकबर न्यायसभेचे अध्यक्ष रब्बी यहूदा हनासी यांची मानली जाते. न्यायाधीशांच्या कबरी दिसल्या, पण न्यायासन कोठे? एका पडक्या भिंतीपाशी मार्गदर्शक म्हणाले, "येथे न्यायाधीश बसत." पुरावा विचारल्यावर ते हसले आणि म्हणाले, "जागा साधारण हीच." निर्विवादपणे न्यायसभेचे म्हणता येईल असे दालन त्या संपूर्ण वाटेवर मला कोणी दाखवू शकले नाही.

मात्र दालन नाही म्हणून न्यायसभा लुप्त झाली असे म्हणता येत नाही. याच यहूदा हनासींनी इ. स. २०० च्या सुमारास संकलित केलेल्या 'मिश्ना' या ग्रंथात तिची कार्यपद्धती नोंदलेली आहे. मोठी सभा ७१ जणांची, लहान २३ जणांची, आणि पैशाच्या तंट्याला तिघे पुरेत. सर्वांना एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून बैठक अर्ध्या खळ्यासारखी गोलाकार. दोन लेखनिक उभे राहून नोंदी घेत. देहदंडाच्या खटल्यात निर्दोष ठरवायला एका मताचे आधिक्य चाले, दोषी ठरवायला दोन मतांचे लागे. सुटकेचा निर्णय त्याच दिवशी देता येई, शिक्षेचा मात्र दुसऱ्या दिवशी, म्हणजे मध्ये एक रात्र विचारासाठी. सर्वांत मनाला भिडला तो नियम असा, की अशा खटल्यात मत देण्यास प्रारंभ कडेला बसलेल्या कनिष्ठांपासून होई, जेणेकरून ज्येष्ठांच्या मताचे दडपण त्यांच्यावर येऊ नये.

यातील प्रत्यक्षात किती पाळले जाई आणि किती केवळ आदर्श म्हणून लिहिले गेले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ते मान्य करूनही, आमच्या बैठकींत सर्वप्रथम अध्यक्ष बोलतात, मग उरलेले सारे सहमत होतात आणि इतिवृत्तात 'सविस्तर चर्चेअंती' असे लिहिले जाते, हे मी नोकरीभर पाहिले आहे. अठराशे वर्षांपूर्वी कोणाला तरी यातील धोका उमगला होता.

त्या मंडळींना मी म्हटले, येथून दीड-दोन तासांवर उत्तिरमेरूर आहे, ते पाहून या. तेथील वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, इ. स. ९१९ आणि ९२१ चे, ग्रामसभेचे नियम कोरलेले आहेत. गावाचे ३० विभाग, ताडपत्रावर लिहिलेली नावे घागरीत टाकून लहान मुलाच्या हातून काढणे, समितीवर राहून हिशेब न देणारा आणि त्याचे नातलग अपात्र. ही सभा ब्राह्मण जमीनधारक पुरुषांपुरतीच होती, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण गॅलिलीत नियम ग्रंथात राहिले आणि दालन हरवले. येथे सभामंडपाच्या भिंतीनेच नियम सांभाळले.

आपल्या कोकणात मात्र दोन्ही हातचे निसटत आहे, आणि माझी खरी चिंता ती आहे. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायली, म्हणजे आपले शनिवार तेली, यांच्यात काजी असत. दावीद रहाबी यांनी झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील माणसे धर्मशिक्षणासाठी निवडली आणि त्यांच्या वंशात हे पद चालत आले, अशी परंपरा आहे. धर्मविधींबरोबर गावोगावचे तंटे सोडविणे हेही त्यांचे काम. मुकादम आणि चौगुले यांच्यासह भरणारी ही ज्यू न्यायसभा मराठीतून चालत असे. १९४८ नंतर समाजाचा बहुतांश भाग इस्रायलला गेला. काजींच्या निवाड्यांच्या आठवणी आणि जी काही कागदपत्रे असतील ती आज दिमोना, लोद, अश्दोद येथील वृद्धांपाशी आहेत.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. नवगावची दफनभूमी आणि अलिबागचे प्रार्थनालय पाहायला पर्यटक येतात, तेव्हा चकचकीत फलक लावण्याचे प्रस्ताव सहज मंजूर होतील. माझे म्हणणे एवढेच, की फलकाआधी पुराभिलेख संचालनालयाने एक मराठी जाणणारा माणूस आणि एक ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन त्या वृद्धांपर्यंत पोहोचावे. तंटा कोण ऐके, प्रथम कोण बोले, दंड कसा ठरे, हे विचारून घ्यावे. खर्च फलकांहून अधिक येणार नाही आणि फलक दहा वर्षांनीही लावता येतील.

प्रश्न विचारणाऱ्या त्या अभियंत्याचे आजोळ अलिबागचे निघाले. इस्रायल आळीतून तो लहानपणी रोज शाळेत जात असे. काजी हा शब्द मात्र त्याने ज्यूंच्या संदर्भात कधी ऐकला नव्हता. आजीला विचारतो म्हणाला, ती अजून आहे.